जांभळ्या पानांची खोली

भिवा डोर्लेकरला वास येत नाही, हे बंदरालगतच्या अख्ख्या पेठकिल्ल्याला ठाऊक होतं. पंधरा वर्षांपूर्वी बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात तो नोकरीला असताना अमोनियाची नळी फुटली, तेव्हा व्हॉल्व्ह बंद करायला तो तोंडाला ओला पंचा बांधून आत धावला होता. व्हॉल्व्ह बंद झाला, आतली दोन माणसं वाचली. भिवा महिनाभर दवाखान्यात पडून होता आणि बाहेर आला तो नाक घालवूनच. डोळे सुधारले, घसा सुधारला, वास तेवढा परत आला नाही.

त्याची बायको मैना मासळी विकायची. मासळीवालीचा नवरा आणि त्याला बांगडा ताजा की उतरलेला ते कळत नाही, यावरून सुरुवातीला बंदरावर खूप थट्टा झाली. भिवानं ती मनावर घेतली नाही. तो माशाचा कल्ला उचलून रंग बघायला शिकला. धंद्यातही त्यानं तेच केलं. नोकरी सुटल्यावर त्यानं स्वतःचं दुकान टाकलं: फ्रीज, एसी, हॉटेलांच्या आणि मासळीच्या कंपन्यांच्या थंड खोल्या. दुसरे मेकॅनिक वायर जळाली की वासावरून ओळखतात. भिवा तळहात लावून ओळखायचा. पाइपावरचा दव कुठवर आलाय, कॉम्प्रेसर कोणत्या सुरात चाललाय, यावरून तो मशीनची नाडी सांगायचा. चोपन्नाव्या वर्षी त्याच्या हाताखाली कुणी नव्हतं आणि त्याला कुणाची गरजही वाटत नव्हती.

नोव्हेंबरात त्याला दर्शन नावाच्या माणसाचा फोन आला. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत, मागच्या अंगाला एक शेड भाड्यानं घेतली होती, आतली खोली नीट थंड होत नव्हती. "भिवाकाका, तुमचं नाव खूप ऐकलंय," तो म्हणाला. भिवाला बरं वाटलं.

शेडवर पाटी नव्हती. दारात रितेश नावाचा आडवा, तिशीतला मुंबईचा गडी बसला होता. त्यानं भिवाचा मोबाइल मागून घेतला आणि एका प्लास्टिकच्या टोपलीत टाकला. औषधांच्या एका कंपनीतही भिवाला असाच मोबाइल बाहेर ठेवायला लावत, त्यामुळे त्याला वावगं वाटलं नाही. दर्शन आतून आला. पस्तिशीचा, चष्मेवाला, पायात पांढरे बूट, बोलणं एकदम मऊ.

"काका, हे संशोधनाचं काम आहे. परदेशी औषधी झाडं. बाहेर बोलायचं नाही, एवढंच. स्पर्धा फार आहे."

आतलं दार उघडलं आणि भिवा उंबऱ्यातच थांबला. जाड इन्सुलेशनच्या भिंतींची भलीमोठी खोली, वर डोळ्यांवर येणारे दिवे आणि खाली कुंड्यांच्या रांगाच रांगा. झाडं कमरेएवढी. पानं हाताच्या पंज्यासारखी, लांब बोटांची, कडेला करवतीचे दाते. नवलाची गोष्ट म्हणजे त्यांचा रंग. समोरच्या भिंतीकडची झाडं पिकल्या जांभळासारखी काळीजांभळी होती. मधली तांबूस, मळकी. आणि दारालगतची दोन रांगा झाडं साधी हिरवीगार.

"हीच अडचण आहे," दर्शन म्हणाला. "सगळी एकाच जातीची आहेत. सगळी जांभळी व्हायला हवीत. घेणाऱ्याला रंग लागतो."

"आणि रंग थंडीनं येतो?"

"हो. दिवसा ऊब चालते, पण रात्री गारठा पडायला हवा. गारठ्यात पानातला हिरवा रंग मागे पडतो आणि आतला जांभळा वर येतो. प्रत्येक जातीला येत नाही, हिला येतो. तुमच्याकडच्या मंडणगडच्या डोंगरात थंडीच्या दिवसांत जमलंही असतं कदाचित. इथे समुद्रकाठी रात्रीसुद्धा घाम येतो, म्हणून तर मशीन लावलं."

भिवाला गंमत वाटली. आंब्याची कोवळी पालवी तांबूस निघते आणि मग हिरवी होते, ते त्यानं जन्मभर पाहिलं होतं. हिरव्याचं जांभळं होताना तो पहिल्यांदाच बघत होता. तो रांगांमधून सावकाश फिरला. कुठे थांबून हवेत तळहात धरला, कुठे वाकून पानाखाली. थोड्या वेळानं त्याच्या लक्षात आलं की थर्मामीटर काढायचीही गरज नाही. थंड हवा कुठे पोचते आणि कुठे पोचत नाही, ते झाडांनीच रंगवून दाखवलं होतं. पंख्याच्या झोतात जांभळी, झोत अडला तिथे तांबूस, दाराकडे हिरवी. एका खांबाच्या मागे चारच झाडं हिरवी होती. खांबानं हवा अडवली होती.

"तुमचं मशीन बरोबर आहे," तो दर्शनला म्हणाला. "हवा चुकीच्या वाटेनं फिरतेय. दाराचं रबर गेलंय, तिथून बाहेरची ऊब आत येते. पंखा दोन फूट सरकवायला हवा, आणि ह्या खांबाला एक आडवा पत्रा."

दोन दिवसांत त्यानं काम केलं. रात्रीचं तापमान लावून दिलं. स्विचच्या पेटीला त्यानं आपल्या सवयीप्रमाणे सर्व्हिसचं कार्ड अडकवलं: तारीख, काय केलं, किती तापमानावर लावलं आणि खाली सही. तीन आठवड्यांनी गेला तेव्हा दारालगतच्या दोन्ही रांगा जांभळ्या झाल्या होत्या. दर्शननं त्याच्या पाठीवर थाप मारली. "काका, तुम्ही जादूगार आहात."

भिवा संकोचला, पण मनातून फुलला. घरी येऊन त्यानं मैनेला सांगितलं, "आज झाडांना रंग चढवून आलो." तिला काही कळलं नाही. ती कोळंबी सोलत होती.

त्यानंतर आणखी दोनदा जाणं झालं. कार्डावर चार सह्या जमल्या. दरवेळी तो दुकानात कपडे बदलूनच घरी जायचा. ग्रीसचे कपडे मैना घरात घेऊ देत नसे. जानेवारीतल्या एका संध्याकाळी मात्र दुकानातला नळ फुटून बदलायचे कपडे भिजले आणि तो तसाच, कामाच्या शर्टात घरी गेला.

मैना पडवीत बसली होती. तो जवळून गेला तशी तिनं मान वर केली.

"अवो, थांबा. आज कुठं गेलेलात?"

"मिरजोळ्याला. त्या झाडांच्या खोलीत."

"ह्या शर्टाला वास कसला मारतोय?"

"गॅसचा असंल. मला काय कळतंय?"

मैनेनं उठून त्याच्या बाहीला नाक लावलं. मग कॉलरला. तिचा चेहरा बदलला. तिनं पुढचं दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"गॅस नाय ह्यो. माझा मामा तांडेल होता, माहीत हाय ना? बोटीवर चिलीम ओढायचा. त्याच्या पिशवीला असाच वास यायचा. आजीनं त्या पिशवीपायी त्याला घराबाहेर काढलान. ह्यो गांजा हाय."

"काहीतरी बोलू नकोस. औषधी झाडं आहेत ती. माणूस शिकलेला आहे."

"शिकलेला असंल. पण वास गांजाचाच."

भिवाला राग आला. ज्या गोष्टीत त्याला काही बोलता येत नव्हतं, नेमकं त्याच गोष्टीवरून ती त्याला ऐकवत होती. त्यानं खुर्ची ओढली, मोबाइल काढला आणि त्यात बोलला, "गांजाचं झाड." चित्रं आली. पंज्यासारखी पानं, लांब बोटं, करवतीचे दाते. त्यानं एक चित्र मोठं केलं, मग दुसरं. त्याला हायसं वाटलं.

"हे बघ. हे हिरवं आहे. आमची झाडं जांभळी आहेत. काळीजांभळी. वेगळंच झाड आहे ते."

भिवा चित्राकडे बघत राहिला आणि त्याच्या डोळ्यांसमोर नोव्हेंबरातला तो पहिला दिवस उभा राहिला. दारालगतच्या दोन रांगा. खांबामागची चार झाडं. साधी, हिरवीगार, अगदी ह्या चित्रातल्यासारखी. दर्शननं स्वतः सांगितलं होतं, सगळी एकाच जातीची आहेत. रंग थंडीचा होता. आणि थंडी त्यानं, भिवानं, आपल्या हातानं आणली होती.

मोबाइल त्यानं मांडीवर उलटा ठेवला.

"पोलिसात चला," मैना म्हणाली. "आत्ताच."

"आणि काय सांगू? चार वेळा गेलो, चार वेळा काम केलं, पैसे घेतले. माझ्या सहीचं कार्ड लटकतंय तिथं. तापमानाच्या आकड्यासकट. कोण मानंल, मला माहीत नव्हतं?"

"मी मानते की."

"तू न्यायाधीश नायस."

तिनं पुष्कळ समजावलं. भिवाचं एकच चाललं होतं: आधी ते कार्ड तिथून काढायचं, मग पोलिसात जायचं. ते कार्ड असेपर्यंत तो त्यांच्यातलाच एक ठरणार. मैना म्हणाली, ह्यात शहाणपण नाही. त्यालाही ते कळत होतं, पण छातीत एक धडकी बसली होती आणि ती कार्डाशिवाय दुसरं काही सुचू देत नव्हती.

योग असा की दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला दर्शनचाच फोन आला. मशीन बंद पडलं होतं. आवाजातला मऊपणा गेला होता. "काका, ताबडतोब या. आज माल निघायचाय."

मैनेनं शर्ट धुतला नव्हता. तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिनं फळीवर ठेवला होता. भिवा पेटी उचलून निघाला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "एक वाजेपर्यंत वाट बघते."

शेडमध्ये शिरताच भिवाला ऊब जाणवली. मशीन पहाटेच बसलं असावं. रितेशनं मोबाइल काढून घेतला. दर्शन आत येरझाऱ्या घालत होता, चष्मा हातात, कपाळावर घाम.

"संध्याकाळी पाचला गाडी येतेय. त्याआधी कापून भरायचंय. आणि नेमकं आजच हे! उष्णतेनं रंग उतरला तर घेणारा हात लावणार नाही."

"बघतो," भिवा म्हणाला. आपला आवाज त्याला परक्यासारखा वाटला.

त्यानं स्विचची पेटी उघडली. मशीनला वीज जोडणारा कॉन्टॅक्टर जळाला होता; अर्ध्या तासाचं काम. कार्ड समोरच होतं, सुतळीला अडकवलेलं. दर्शन फोनवर बोलत बाहेर गेला, रितेश दारात पाठमोरा उभा राहिला. भिवानं सुतळी तोडली, कार्डाची घडी केली आणि पँटच्या आतल्या खिशात सरकवली. मग तो कितीतरी वेळ स्क्रूड्रायव्हर नुसताच धरून उभा राहिला.

झालं. आता मशीन चालू करायचं आणि बाहेर पडायचं. त्यानं घाईघाईनं नवा कॉन्टॅक्टर बसवायला घेतला. तेवढ्यात दर्शनची गाडी बाहेर सुरू होऊन निघून गेल्याचं ऐकू आलं. रितेश आत आला.

"ओ मेकॅनिक, सर गाडीचं बघायला गेलेत. तुम्ही इथंच थांबायचं."

"काम झालं की जातो. मला दुसरीकडे बोलावलंय."

"नाही जायचं. माल भरेपर्यंत मशीन परत बसता कामा नये, असं सर बोललेत. संध्याकाळी सोडतो."

तो हसत बोलला, पण दाराला आतून कडी घातली आणि कडीजवळच खुर्ची मांडली.

भिवानं पुन्हा पेटीत डोकं घातलं. भांडून इथून सुटता येणार नव्हतं. रितेशचा दंड त्याच्या मांडीएवढा होता. घड्याळात अकरा वाजले होते. एक वाजेपर्यंत वेळ काढायचा म्हणून मशीन त्यानं मुद्दामच जोडलं नाही. एक एक वायर सोडवायचा, पुसायचा, परत लावायचा. घाम कानामागून ओघळत होता. झाडं तशीच उभी होती, हारीनं, काळीजांभळी, आणि त्याला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

एक वाजून पाच मिनिटांनी टोपलीतला मोबाइल वाजला. वाजून थांबला. परत वाजला. तिसऱ्यांदा वाजला तसा रितेश वैतागला.

"कोण आहे?"

"बायको. जेवायला बोलावत असंल. नाही उचलला तर इथं येईल ती. पत्ता तिला ठाऊक आहे."

रितेशनं विचार केला. "स्पीकरवर बोला. दोन वाक्यं. फालतू काही नाही."

भिवानं फोन हातात घेतला. काय बोलायचं ते त्यानं ठरवलं नव्हतं. मैनेचा आवाज आला, "कुठं हायत?"

"मिरजोळ्यातच. उशीर होईल. मशीनला वायर जळाल्याचा वास मारतोय, त्यापायी सोडून येता येत नाय. मघापासून नुसता वास येतोय."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बरं," मैना सावकाश म्हणाली. "वास येतोय म्हणता तर थांबा. मी जेवून घेते." आणि तिनं फोन ठेवला.

रितेश नाक वर करून हवा हुंगत होता. "कसला वास? मला तर नाही येत."

"ह्या खोलीत बसून बसून तुमचं नाक बसलंय," भिवा म्हणाला. रितेशनं आणखी दोनदा हुंगलं, खांदे उडवले आणि मोबाइल टोपलीत टाकला. त्याला मेकॅनिकच्या नाकाची गोष्ट कुणी सांगितलेली नव्हती.

दर्शन अडीच वाजता परतला. सोबत दोन मोठ्या कात्र्या आणि काळ्या पिशव्यांचे गठ्ठे. मशीन अजून बंद पाहून त्याचा पारा चढला.

"अजून झालं नाही? चार तास काय करताय?"

"एक भाग गेला होता, तो बसवला. आता चालू करतो."

"राहू दे मग. रितेश, चल, कापायला घेऊ. पाचपर्यंत उरकायचंय."

रितेशनं कात्री उचलली. भिवाला समजलं की तासाभरानं पोलीस आले तरी त्यांना इथे कुंड्याच सापडतील, कदाचित तेवढ्याही नाही. दर्शनच्या डोळ्यांत बघून तो बोलला, आणि आयुष्यात इतक्या ठामपणे तो कधी खोटं बोलला नव्हता.

"आता कापलंत तर रंग जाईल."

दर्शन थांबला. "म्हणजे?"

"सकाळपासून खोली तापलीय. झाड गरम आहे. गरम झाड कापून पिशवीत कोंबलंत तर गाडीत रंग मळकट होईल. आधी गारठवायला हवं. रात्रीच्या आकड्यावर आणतो, दोन तास धरू द्या, मग कापा. रंग जागेवर बसंल."

"तुम्हाला काय माहीत झाडांचं?"

"झाडांचं नाही. थंडीचं माहीत आहे. दाराजवळच्या दोन रांगांना रंग कुणी आणला?"

दर्शन त्याच्याकडे बघत राहिला. त्याची नजर भिवाच्या कपाळावरच्या घामावरून पेटीकडे गेली. तिथे, जिथे कार्ड असायचं तिथे, तुटकी सुतळी लोंबत होती. भिवानं ती पाहिली आणि दर्शननंही पाहिली असती, पण त्याच वेळी त्याचा फोन वाजला. घेणाऱ्याचा असावा. "हो, कलर एकदम डार्क," तो घाईनं सांगत होता. "एक नंबर. फोटोत आहे तसाच." फोन ठेवून त्यानं एका झाडाचं पान बोटात धरून दिव्याकडे नेलं, उलटसुलट बघितलं.

"दीड तास," तो म्हणाला. "एक मिनिट जास्त नाही."

भिवानं मशीन चालू केलं. पंखे घरघरले. थंड हवेचा झोत पानांवरून सरकला आणि सगळ्या रांगा एकदम हलल्या. आकडा उतरू लागला: सत्तावीस, पंचवीस, बावीस. दर्शन दर दहा मिनिटांनी उठून आकडा बघत होता. भिवा भिंतीला टेकून बसला. मैनेला खरंच उमगलं असेल का, की ती आपली भात वाढून बसली असेल? फोनवरचं तिचं "बरं" त्यानं मनात वीसदा फिरवून पाहिलं. आकडा अठरावर आला. खोलीत कुडकुडायला होऊ लागलं, तरी त्याच्या काखा ओल्या होत्या.

आकडा पंधरावर होता आणि सव्वाचार झाले होते, तेव्हा बाहेरच्या पत्र्यावर थापा पडल्या.

"गाडी लवकर आली," दर्शन म्हणाला.

रितेशनं कडी काढली. दार बाहेरूनच जोरात ढकललं गेलं. खाकी कपडे, एक दोन नाही, आठ दहा माणसं. रितेश मागच्या खिडकीकडे पळाला आणि तिथे उभ्या असलेल्या शिपायाच्या हातात सापडला. दर्शन पळाला नाही. तो चष्मा पुसत, मऊ आवाजात सांगू लागला की हे संशोधन आहे, कागदपत्रं मुंबईच्या ऑफिसात आहेत.

पुढे आलेल्या बाईंनी, उपनिरीक्षक दीपाली शिरधनकर त्यांचं नाव, खोलीभर नजर फिरवली. "गांजा जांभळा असतो होय?" पंचनाम्यासाठी त्यांच्यामागून आलेला पंच कुजबुजला.

"थंडीत ठेवला की होतो," भिवा भिंतीपासून म्हणाला. सगळे वळले.

"तुम्ही डोर्लेकर? तुमच्या मिसेस दुपारी दीडला शर्ट घेऊन आल्या ठाण्यात. उभे राहा. झडती घ्यावी लागेल."

आतल्या खिशातून कार्ड निघालं. बाईंनी घडी उलगडून ते वाचलं: तारखा, तापमान, चार सह्या. त्यांचा चेहरा कठोर झाला.

"हे तुमच्या खिशात काय करतंय?"

काहीतरी रचून सांगावं, असं भिवाच्या एकदा मनात येऊन गेलं. मग ते जमणार नाही हे त्याचं त्यालाच कळलं.

"चोरलं मी. माझं नाव राहू नये म्हणून. सकाळी त्यासाठीच आलो. आधी तुमच्याकडे यायला हवं होतं, बायको सांगत होती. मी घाबरलो."

"घाबरलात, की सामील होतात?"

"दोन्ही म्हणा. काम मीच केलंय. पण काय झाड आहे ते काल संध्याकाळपर्यंत माहीत नव्हतं."

त्याला दर्शनला बसवलेल्या पोलीसगाडीतून नेलं नाही, एवढीच काय ती मेहरबानी. ठाण्यात मैना बाकावर बसली होती, सकाळपासून उपाशी. तो दिसताच ती उठली, आणि त्याच्या हाताला धरून असलेला शिपाई बघून परत बसली. तिला आधी हे कळेना की आपण नवऱ्याला सोडवलं की अडकवलं.

पुढचे अकरा दिवस भिवाला रोज ठाण्यात हजेरी द्यावी लागली. एकच गोष्ट वेगवेगळ्या माणसांना सांगून झाली. बर्फाच्या कारखान्यातले जुने कागद, दवाखान्याचा दाखला, सगळं मैनेनं ट्रंकेतून काढून नेऊन दिलं. शेवटी एका दुपारी शिरधनकरबाईंनी त्याला समोर बसवलं.

"तुम्ही साक्षीदार आहात, आरोपी नाही. तसं लिहिलंय." मग त्यांनी फाइल मिटली. "एक सांगू का? दर्शनच्या फोनमध्ये मेसेज सापडले. शेड घेतल्यावर तो तुमच्यापर्यंत कसा पोचला माहीत आहे? ह्या गावात वास न येणारा मेकॅनिक कोण, ह्याची चौकशीही त्याला करावी लागली नाही. ते त्याला आयतंच कळलं. बंदरावर चहा पिताना कुणीतरी तुमची गंमत सांगितली. लगेच रितेशच्या आधी दारावर असलेल्या माणसाला त्यानं लिहिलं, 'आपल्याला हवा तसा माणूस मिळाला.'"

भिवाला दर्शनचा पहिला फोन आठवला. तुमचं नाव खूप ऐकलंय, असं तो म्हणाला होता. भिवाला वाटलं होतं, कामाचं नाव.

त्याच्या धंद्याला फटका बसला. काही हॉटेलवाल्यांनी बोलावणं बंद केलं. काहींनी बोलावलं, पण तो मशीन उघडत असताना कुणीतरी मुद्दाम शेजारी उभं राहायचं. बंदरावर लोक त्याला चहा पाजून विचारायचे, "भिवा, खरंच जांभळा होता काय रे?" पहिल्यांदा तो चिडायचा. मग सांगायला लागला, अगदी शांतपणे, पंख्याच्या झोतात कोणती रांग होती आणि खांबामागं कोणती.

खटला पुढच्या वर्षी उभा राहिला. भिवा इस्त्रीचा शर्ट घालून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला. मैना मागच्या बाकावर. आरोपीच्या वकिलानं त्याला तासभर सोलून काढलं.

"त्या खोलीचं तापमान कुणी ठरवलं?"

"त्यांनी सांगितलं. मी लावलं."

"म्हणजे त्या झाडांना जो रंग आला, ज्या रंगामुळे त्यांना जास्त भाव येणार होता असं सरकार पक्षाचं म्हणणं आहे, तो तुमच्या कौशल्यामुळे आला. बरोबर?"

"बरोबर."

"आणि तुम्हाला त्याचा अभिमान वाटला होता? पोलिसांना दिलेल्या तुमच्या जबाबात तसं आहे."

भिवानं मैनेकडे पाहिलं नाही. न्यायाधीशांकडे पाहिलं.

"वाटला होता, साहेब. काम चांगलं झालं होतं. ते कशासाठी होतं, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं."

वकिलानं पुढचा प्रश्न शोधायला कागद चाळले. न्यायाधीशांनी लेखनिकाला उत्तर जसंच्या तसं लिहून घ्यायला सांगितलं. भिवा बाहेर आला. व्हरांड्यात मैनेनं पाण्याची बाटली पुढे केली. तो उभ्यानंच घटाघटा प्यायला.

"रिक्षा करायची, की चालत?" तिनं विचारलं.

"चालत जाऊ," तो म्हणाला. "वाटेत बंदरावरच्या यमुनाबाईच्या डीप फ्रीजरवर एक हात फिरवायचाय. दोन दिवस फोन करतेय ती."